ऐकणाऱ्यांची मुंबई

१९४६च्या मे महिन्यात बेळगावला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. मराठी बोलणाऱ्या साऱ्या मुलखाचे एक राज्य व्हावे, असा ठराव त्या संमेलनात झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप येऊ लागले. ठराव करणारे लोक लेखक, संपादक, प्राध्यापक होते. साडेनऊ वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, त्याच मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत गिरगावपासून लालबाग-परळपर्यंतच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या. १०५ हुतात्मे हा आकडा तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी बसला. पुढे त्या यादीत आणखी नावे आली. त्यांत गिरण्यांतले कामगार आहेत, फुटकळ नोकरी करणारे आहेत, शिकणारी पोरे आहेत. साहित्य संमेलनाचा मांडव यांतल्या बहुतेकांनी कधी पाहिलाही नसेल.

बेळगावच्या मांडवातला ठराव परळच्या चाळीतल्या माणसाला स्वतःचा कधी आणि कसा वाटू लागला? या पुस्तकाचा विषय हाच आहे. राज्य पुनर्रचना आयोग, त्याचा अहवाल, दिल्लीतल्या वाटाघाटी, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा हा सारा इतिहास लिहून झालेला आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. पण आयोगाचा अहवाल वाचून कोणी छाती पुढे करत नाही. मधल्या काळात कोणीतरी ती मागणी गोष्टीत घातली, गाण्यात घातली, चाळीच्या चौकात आणि मैदानात उभे राहून सांगितली, आणि समोरच्यांनी ती ऐकली.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मध्य मुंबईत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जी चळवळ उभी राहिली, तिच्या मागणीआधी तिची गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली होती. आणि त्या गोष्टीत ज्यांना जागा होती तेवढेच लोक तिच्याबरोबर शेवटपर्यंत चालले. गोष्टीने कोणाला आपल्यात मोजले आणि कोणाला बाहेर ठेवले, यावर इथले राजकारण पुन्हा पुन्हा फिरले आहे. चांगल्या दिशेनेही फिरले आणि वाईटही.

आधी या वस्तीकडे पाहू. १८५६ साली कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी हा सगळा पट्टा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. माणसे आली ती रत्नागिरीच्या खडकाळ जमिनीवरून, साताऱ्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून, कोल्हापूर-सांगलीकडून, नगर-पुण्याकडच्या गावांतून. बहुतेक पुरुष एकटे आले. बायको-मुले गावी, आणि इथे एका खोलीत पंधरा-वीस जण. एक पाळी सुटली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंथरूण टाकायची. जेवण खाणावळवालीकडे. खोलीत बसायला जागा नाही म्हणून माणूस गॅलरीत, जिन्यावर, चौकात, फुटपाथवर राहायचा. या गर्दीने माणसांचे हाल केलेच, पण एक गोष्ट आपोआप घडवली: इथे काहीही सांगितले गेले तर ते एकट्याला सांगितले जात नव्हते.

ही माणसे मोकळ्या हातांनी आली नव्हती. कोकणातल्या माणसाने भजनाच्या डबलबाऱ्या आणि शक्ती-तुऱ्याचे सामने आणले, घाटावरच्याने पोवाडा आणि तमाशा. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत आणि पाळी संपवून आलेले कामगार तिथे गर्दी करत. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणे, हजरजबाबीपणाला दाद देणे, कंटाळवाण्या माणसाला खाली बसवणे, हे या श्रोत्यांना गावच्या जत्रेतच शिकवलेले होते. पुढे ज्या पुढाऱ्यांनी आणि कवींनी इथे उभे राहण्याची हिंमत केली, त्यांना या कानांना उतरावे लागले. वर्तमानपत्रांचेही तेच. अक्षरओळख असलेला एखादा वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले चार्टिस्ट कामगार आपली 'नॉर्दर्न स्टार' अशीच दारूच्या गुत्त्यांतून मोठ्याने वाचून घेत. जे पत्र मोठ्याने वाचले जाणार आहे, त्याची वाक्यरचनाच वेगळी होते. आमच्याकडच्या पत्रांच्या भाषेचा अभ्यास या अंगाने पुरेसा झालेला नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांना हे फार लवकर उमगले होते. सत्यशोधक चळवळीचे 'दीनबंधु' १८७७मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केले; ते बंद पडल्यावर १८८०मध्ये लोखंड्यांनी मुंबईत पुन्हा उभे केले. १८८४मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्यांत आठवड्याची एक सुटी होती. रविवारच का, याचे उत्तर लोखंड्यांनी मालकांच्या चर्चमध्ये शोधले नाही. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. ज्याच्या घरात खंडोबाचा टाक आहे त्याला या दिवसाचे महत्त्व सांगावे लागत नाही. सहा दिवस पोटासाठी राबलेल्या माणसाला एक दिवस देवासाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे, अशी ती मांडणी होती. १० जून १८९०ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. आज देशभर लोक रविवारी घरी असतात, पण त्या सुटीमागची ही मराठी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ती या साऱ्या परंपरेचा आरंभ वाटते. मागणी आधुनिक कारखान्यातली होती, तिला आधार मात्र कामगाराच्या देवघरातून दिला गेला.

त्याच सुमारास गिरगावात दुसरे काही घडत होते. १८९३ला केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. शांतारामाच्या चाळीच्या आवारात टिळकांपासून पुढच्या अनेक पुढाऱ्यांच्या सभा झाल्या. मेळ्यांची गाणी, कीर्तने, शिवाजी महाराजांच्या कथा यांतून परक्या सत्तेविरुद्धची भाषा घडली. १८९८चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १९३५चा मुंबई मराठी साहित्य संघ, खटाववाडीतली मौज, आणि गल्लोगल्लीचे छापखाने यांमुळे लिहिलेल्या मराठीचे घर गिरगाव झाले. या घराने मराठीला पुष्कळ दिले. पण त्याच्या ओसरीवर कोण बसत होते, हाही प्रश्न आहे. गिरगाव आणि परळ यांत ट्रामने जाण्याइतकेच अंतर होते, तरी एकीकडचे पुस्तक दुसरीकडे आणि दुसरीकडचे गाणे एकीकडे पोहोचायला कित्येक दशके जावी लागली.

हे अंतर सर्वांत स्पष्टपणे दाखवणारी घटना १९२० सालची आहे. ३१ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. कचेरी परळला, पोयबावडीच्या हरारवाला बिल्डिंगमध्ये. बाबासाहेब स्वतः त्याच भागात बी.आय.टी. चाळीत राहत होते. पाक्षिकासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. नव्या पत्राची जाहिरात छापावी म्हणून 'केसरी'ला विनंती केली, पैसे देण्याची तयारी दाखवली, तरी ती छापली गेली नाही. स्वराज्याची गोष्ट सांगणाऱ्या पत्राला ही दुसरी गोष्ट आपल्या पानावर, विकतच्या जागेतही, नको होती. मी हे कोणाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. परक्यांविरुद्धच्या गोष्टीत सारे एक, असे म्हणणाऱ्यांनी घरातल्या कोणाला बोलू दिले नाही, हे नोंदवल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

बाबासाहेबांनी आपल्या पत्रांच्या शिरोभागी काय छापले ते पाहावे. 'मूकनायक'वर तुकाराम, १९२७च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वर. कोलंबिया आणि लंडनला शिकलेल्या या माणसाला पाश्चात्त्य विचारवंतांची वचने हाताशी होती. पण ज्या भाषेत लोक रोज भजन करतात, तीच भाषा अन्यायाविरुद्धच्या लढ्याची भाषा होऊ शकते, आणि संतांवर कोणा एका जातीचा ताबा नाही, हे त्यांनी पहिल्याच पानावर सांगून टाकले. मार्च १९२४मध्ये दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. परळचे हे सभागृह, सोशल सर्व्हिस लीगचे, पुढे कामगार रंगभूमीचेही ठाणे झाले. एकाच छपराखाली सभा, वाचनालय, नाटक आणि संघटना, अशी ती जागा होती. असे सभागृह वस्तीच्या मध्यावर असणे ही चळवळीची अर्धी ताकद असते, हे आज सभागृहांचे भाडे परवडत नाही तेव्हा जाणवते.

आणि मग जलसा. तमाशाचा साचा सत्यशोधकांनी आधीच घेतला होता. आंबेडकरी जलसाकारांनी तो पुढे नेला. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार ढोलकी घेऊन वस्त्यांतून, खेड्यांतून फिरले. आपली दहा भाषणे आणि यांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेबांनी म्हटल्याची आठवण आंबेडकरी घरांतून आजही सांगितली जाते. तमाशातल्या कलावंताला मान खाली घालून समोरच्याची करमणूक करावी लागे. जलशात तोच माणूस, तीच ढोलकी, तेच कवन, पण आता तो मान वर करून बोलत होता, आणि समोर बसलेल्या आईबापांना सांगत होता की मेलेले ढोर ओढू नका, पोर शाळेत घाला, महाडच्या तळ्यावर चला. करमणुकीची भूमिका ज्यांच्यावर लादली होती, त्यांनी तीच कला शिकवणीसाठी हातात घेतली. पुढे वामनदादा कर्डक आले. सिन्नरजवळच्या देशवंडीतून मुंबईत आलेल्या या माणसाने दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरओळख पक्की केली आणि आयुष्यभर इतकी गाणी लिहिली की गावोगावच्या भीमजयंतीचा तो आवाज झाला. त्यांची गाणी वाङ्मयीन मासिकांत आली नाहीत, म्हणून ती वाङ्मय ठरली नाहीत. हा आमच्या समीक्षेचा दोष आहे आणि तो अजून पुरता दूर झालेला नाही.

अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दल या पुस्तकात सर्वांत जास्त पाने आहेत आणि ती कमीच आहेत असे मला वाटते. वाटेगावातून आईबापांबरोबर पायी मुंबईला आलेला, शाळेशी जेमतेम दीड दिवसाचा संबंध आलेला हा मुलगा गिरणीत राबला, पडेल ते काम करत राहिला, माटुंग्याच्या लेबर कँपात कम्युनिस्ट झाला. १९४४ला त्यांनी, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाची मांडणी सर्वांना पाठ होती: गण, गवळण, बतावणी, वग. अण्णा भाऊंनी गणात देवाच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले, गवळण काढून टाकली, आणि वगातल्या राजा-प्रधानाच्या जागी सावकार, शेटजी, दलाल, निवडणुकीचा उमेदवार उभे केले. सोंगाड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. कारण राजाला तोंडावर खरे बोलायची मुभा तमाशात सोंगाड्यालाच असते, आणि गिरणीतल्या बदली कामगाराला हवा होता तो हाच माणूस. मुकादमापुढे जे बोलता येत नव्हते, ते रात्री बोर्डावरून कोणीतरी बोलत होते आणि हजारो लोक ते ऐकून हसत होते. भीती कमी होते ती अशा हसण्यात.

सरकारला हे कळायला वेळ लागला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारने तमाशावर आणि या कलापथकावर बंधने आणली, तेव्हा त्याच खेळाला लोकनाट्य म्हटले गेले. पुढे हे नाव इतके रुळले की पांढरपेशा प्रेक्षकही तिकीट काढून लोकनाट्य पाहू लागला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी जे केले ते मला राजकीय कथनाचा अव्वल नमुना वाटते. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईला पोटासाठी आलेला माणूस आणि गावी राहिलेली त्याची बायको, या दोघांच्या ताटातुटीचे ते गाणे आहे. गिरणगावातल्या खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाची ती स्वतःची कहाणी होती. ऐकता ऐकता ती ताटातूट मुलखाची होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेर राहिल्याचे दुःख त्याच विरहात येऊन मिसळते. राज्याची सीमा म्हणजे नकाशावरची रेघ, ती कोणाला कशी दुखणार? बायकोपासून दूर असल्याचे दुखणे मात्र ठाऊक होते. ज्याला भाषावार प्रांतरचना हा शब्द उच्चारता येत नव्हता, त्याला ती या मार्गाने समजली. बेळगावच्या ठरावापासून परळच्या रस्त्यापर्यंतचे अंतर कसे तुटले, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी इथे शोधतो.

उरलेले उत्तर आचार्य अत्र्यांपाशी आहे. १५ नोव्हेंबर १९५६ला त्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले. अत्रे लिहीत तसेच बोलत आणि बोलत तसेच लिहीत. त्यांचा अग्रलेख चाळीच्या गॅलरीत मोठ्याने वाचला की शिवाजी पार्कवरचे भाषण ऐकल्यासारखा वाटे. गिरगावची लिहिलेली मराठी आणि लालबागची बोललेली मराठी यांची गाठ त्यांनी घालून दिली. अमर शेखांना त्यांनी महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. बार्शीच्या मुसलमान घरातला, मेहबूब हुसेन पटेल या नावाचा हा शाहीर, पहाडी आवाजात संयुक्त महाराष्ट्र मागत होता. आणि मराठी असणे म्हणजे काय याचे त्या पिढीचे उत्तर समोरच्या लाखभर लोकांना त्याच्या आवाजात ऐकू येत होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. पक्षांची ही मोट बैठकांत बांधली गेली, पण बाहेर ती टिकली कारण सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत या सगळ्यांची माणसे होती. १९५७च्या निवडणुकीत समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर दणका दिला आणि १ मे १९६०ला, कामगारदिनीच, मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव बाहेरच राहिले.

अत्र्यांच्या भाषेचा दुसराही परिणाम झाला, तो सांगायला हवा. विरोधकाला ठोकून काढण्याची, त्याच्या नावाची, अंगाची, चालीची टिंगल करण्याची त्यांची शैली लोकांना अफाट आवडली. लढा न्याय्य होता, म्हणून ती खपली. पण शैली लढ्याबरोबर संपत नाही. १३ ऑगस्ट १९६०ला दादरहून 'मार्मिक' सुरू झाले. व्यंगचित्रांचे हे साप्ताहिक कचेऱ्यांतल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापू लागले. ज्यांच्या वडिलांनी, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी, १९२१पासून 'प्रबोधन'मधून जातीपातीच्या आणि हुंड्याच्या रूढींवर आसूड ओढले होते, त्या बाळासाहेब ठाकऱ्यांचे हे पत्र होते. १९ जून १९६६ला शिवसेना स्थापन झाली. त्याच वर्षी शाहीर साबळे यांचे 'आंधळं दळतंय' रंगमंचावर आले. मुंबईत मराठी माणूस राबतो आणि फळ दुसराच खातो, हे त्याचे सूत्र. साबळे मोठे कलावंत होते, संयुक्त महाराष्ट्रासाठी गायलेले शाहीर होते, आणि मराठी तरुणाची बेकारी ही त्यांनी रचलेली कल्पना नव्हती. मुंबईच्या कचेऱ्यांत त्याला डावलले जात होते. तरी वगातला खलनायक या दहा वर्षांत बदलला हे खरे. पूर्वी तो गिरणीचा मालक होता. आता तो शेजारच्या टेबलावरचा कारकून आणि फुटपाथवरचा इडलीवाला झाला. ढोलकी तीच, श्रोतेही बरेचसे तेच, पण गोष्टीच्या आत मोजल्या जाणाऱ्या माणसांची संख्या कमी झाली. ५ जून १९७०ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात हे घडले. त्याची कारणे संघटनेची, पैशाची, दहशतीची होती; पण गोष्ट हातची गेली होती, हेही एक कारण होते, आणि डाव्यांनी त्याची पुरेशी मीमांसा केली नाही असे माझे मत आहे.

इथे एक तारखांचा योग आहे. १३ जून १९६९ला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. एका पावसाळ्याच्या आत तिन्ही आवाज थांबले.

पण दुसरीकडे नवे बोलू लागले होते. मार्च १९५८मध्ये दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक अण्णा भाऊच होते, आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, हा त्यांचा विचार त्याच भाषणातला. १९६२ला नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला. जन्मतःच रस्त्यावर सोडलेल्या ज्या मुलाला गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी घरी नेऊन नाव दिले, त्याने त्या घराची भाषा कवितेत आणली. १९६३ला बाबूराव बागुलांच्या कथा आल्या, १९७२ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. कवितासंग्रह आणि संघटना एकाच वर्षी, आणि दोन्हींत एकाच माणसाचा हात, हे जगात फार ठिकाणी घडलेले नाही. या लेखकांची मराठी गिरगावच्या मराठीला बोचली. शब्दकोशात नसलेले शब्द छापून आले. जे जगणे सभ्य घरात उच्चारले जात नव्हते ते पाठ्यपुस्तकापर्यंत गेले. १९७४च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली आणि परळला मोर्चात भागवत जाधव मारले गेले, तेव्हा याची किंमतही दिसली.

१९८२चा संप या पुस्तकात शेवटी येतो. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्या गेल्या. कामगार घरी बसून, गावी जाऊन, बायकोच्या पोळ्या-भाजीवर तगून जिद्दीने लढले. उरलेल्या मुंबईला मात्र ही गोष्ट आपली वाटली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पांढरपेशांचे दादर आणि कामगारांचे लालबाग एका मैदानात उभे होते, या वेळी दादर वर्तमानपत्रात संपाचे आकडे वाचत होते. संप हरण्याची आर्थिक कारणे भक्कम होती, जमिनीची किंमत त्यांत पहिली. तरीही एखाद्या अण्णा भाऊने या अडीच लाखांचे दुःख शहराच्या दुःखाला जोडून दिले असते, तर सरकारला इतके निर्धास्त बसता आले असते का, हा प्रश्न मला सोडत नाही.

गोष्ट उशिरा आली. १९९७ला जयंत पवारांचे 'अधांतर' रंगभूमीवर आले: संपानंतरचे गिरणगावातले एक घर, रोजगार नसलेली मुले, सगळे सावरणारी आई. गिरणगावातच वाढलेल्या पवारांनी पुढे कथांमधून फिनिक्स गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या चकचकाटाकडे त्या घराच्या डोळ्यांनी पाहिले आणि त्या कथांना २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखती घेऊन गिरणगावची कथा त्यांच्याच तोंडून वदवून घेतली. याच काळात गिरण्यांच्या जमिनीवर घर मिळावे ही मागणी जोर धरत गेली. लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज भरले. आम्ही इथे राबलो, ही जमीन आमच्या घामावर उभी आहे, हे वाक्य त्या मोर्चांत ऐकू येई. कायद्याच्या भाषेत त्याला आधार थोडा होता, पण ते खरे म्हणून लोकांनी मान्य केले होते आणि म्हणूनच एकामागून एक सरकारांना सोडती काढाव्या लागल्या. सोडतींत घरे मिळालेले थोडे आहेत, थांबलेले फार.

वाचकाला एक विनंती आहे. पुढच्या पानांतली लोकनाट्ये आणि भाषणे शक्यतो मोठ्याने वाचावीत, चार जणांत वाचावीत. डोळ्यांनी वाचताना जे लांबण वाटते तिथे मूळ प्रयोगात ढोलकी वाजत होती किंवा श्रोते बोलत होते. शाहिराच्या कवनात एकच ओळ तीनदा का येते, हे मैदानातल्या शेवटच्या रांगेत बसल्याशिवाय कळत नाही, आणि तेव्हा प्रत्येक शेवटच्या रांगेपर्यंत कर्णा पोहोचत नव्हता.

या संग्रहात बायकांचे आवाज फार थोडे आहेत. उषाताई डांग्यांचे 'पण ऐकतं कोण?' आहे, आणि त्या पुस्तकाचे नावच या साऱ्या परंपरेला विचारलेला प्रश्न आहे. गिरण्यांत हजारो बायका होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतून त्यांना हळूहळू काढून टाकण्यात आले, आणि शाहिरांच्या फडावर त्या बहुधा वाट पाहणारी मैना म्हणूनच आल्या. खाणावळवाल्या बायकांनी संपाच्या काळात उधारीवर माणसे जगवली. १९७५ला प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले तेव्हा बँकेच्या कर्जाच्या अर्जावर त्यांचे काम पहिल्यांदा काम म्हणून लिहिले गेले. पाटावर बसून जेवणाऱ्या वीस पुरुषांची रोजची बोलणी त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली होती. कोणता पुढारी खरा, कोणता विकला गेला, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसेल. त्यांतल्या काही आज ऐंशीच्या पुढे आहेत. कोणी लालबागच्या जुन्या खोलीत, कोणी मुलाबरोबर पनवेल-कर्जतकडे, कोणी पुन्हा साताऱ्याला गावी. त्यांच्याकडे जाऊन, टेप लावून, नीट विचारून घेण्याचे काम या पुस्तकाच्या दुसऱ्या भागासाठी हाती घेतले आहे आणि ज्यांच्या घरात अशी आजी आहे त्यांनी आमची वाट न पाहता ते आजच सुरू करावे.